सिमल्याच्या आकडेमोडीपासून लॅब्रडॉरच्या तळापर्यंत

१८९९ सालचा मोसमी पाऊस सरासरीहून चांगला होईल, असा अंदाज त्या वेळच्या हवामान खात्याने दिला होता. प्रत्यक्षात त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. हिमालयातील बर्फ, हिंदी महासागरावरील वारे अशा मोजक्या खुणांवर बेतलेली अंदाजाची जुनी पद्धत त्या वर्षी उघडी पडली. पाच वर्षांनी, १९०४ मध्ये, खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. हवामानाचा अनुभव त्याच्यापाशी नव्हता. फिरत्या वस्तूंचे गतिशास्त्र हा त्याचा विषय, आणि बूमरँगवरील अभ्यासामुळे तो मित्रमंडळीत ओळखला जाई. मात्र एक गोष्ट त्याने लवकरच ओळखली. मोसमी पावसाचे गणित सुटेल असा सिद्धान्त त्या काळी कोणाकडेच नव्हता. तेव्हा जगभरचे आकडे गोळा करायचे आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते मोजायचे, एवढाच मार्ग उरला होता.

सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकुनांची फौज वर्षानुवर्षे हाताने सहसंबंध काढत बसली. हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर असे जगाच्या कानाकोपऱ्यांतले आकडे त्यांच्या टेबलांवरून गेले. त्या ढिगातून वॉकरला हवेच्या दाबाचे तीन मोठे झोके सापडले. पहिला प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला. त्याला त्याने ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले, आणि आज एल निन्योच्या संदर्भात तो प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. दुसरा उत्तर अटलांटिकमधला, आइसलँड आणि अझोर्स बेटांच्या दरम्यानचा. तिसरा उत्तर प्रशांत महासागरातला. १९२४ मध्ये, खात्याच्याच ग्रंथमालेत, या झोक्यांना नावे मिळाली. पहिल्याने पुढे भारतातच मोठी कीर्ती मिळवली. दुसऱ्याचा, म्हणजे ‘उत्तर अटलांटिक आंदोलना’चा, भारतीय पावसाला तेव्हा फारसा उपयोग दिसला नाही. तो झोका हजारो मीटर खोल पाण्यापर्यंत पोहोचतो, हे कळायला आणखी सुमारे पाऊण शतक जावे लागले. ती कथा हवामान खात्याच्या कागदांत सुरू होत नाही. तिचे मूळ एका बादलीत आहे.

१७५१ साली हेन्री एलिस हा ब्रिटिश कप्तान गुलामांच्या व्यापारातील एक जहाज घेऊन अटलांटिकमध्ये होता. स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञाने त्याला झडपांची एक बादली दिली होती. खाली जाताना तिच्यातून पाणी वाहत राही, वर ओढताना झडपा मिटत आणि त्या खोलीवरचे पाणी आत अडके. साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर, जिथे वरचे पाणी ८४ अंश फॅरनहाइट होते, तिथे सुमारे ३९०० फुटांवरून आलेले पाणी ५३ अंशांचे निघाले. दोर ५३४६ फुटांपर्यंत सोडूनही आकडा त्याखाली गेला नाही. वर येईपर्यंत पाणी थोडे तापले असणारच. खरे तापमान आणखी खाली होते. एलिसने त्या गार पाण्याचा उपयोग स्नानासाठी आणि मद्य थंड करण्यासाठी केला. माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या जहाजावर महासागराविषयीचा एक मूलभूत शोध लागला, हेही इतिहासात नोंदवून ठेवायला हवे.

शोध मूलभूत होता, कारण त्याने एक कोडे उभे केले. उष्ण कटिबंधात सूर्य बाराही महिने समुद्र तापवतो. पाणी जागच्या जागीच असते, तर ती उष्णता शतकानुशतके झिरपत तळापर्यंत गेली असती. खाली गार पाणी टिकून आहे, याचा अर्थ ते कुठून तरी सतत येत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड याने हा निष्कर्ष काढला: ध्रुवांकडचे पाणी थंड होऊन बुडते आणि तळाने विषुववृत्ताकडे सरकते. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभर घेतलेल्या मोजमापांनी खोल महासागर सर्वत्र थंड असल्याचे दाखवून दिले. मात्र पाणी नेमके कुठे आणि कसे बुडते, हा प्रश्न तसाच राहिला.

तो वाटतो तितका सोपा नाही. समुद्र थरांचा बनलेला असतो. हलके पाणी वर, जड खाली. वरच्या पाण्याला बुडायचे असेल, तर त्याला खालच्या प्रत्येक थराहून जड व्हावे लागते. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून तळी वरून गोठतात आणि खाली मासे जगतात. समुद्राचे पाणी मात्र गोठेपर्यंत, म्हणजे साधारण उणे १.९ अंशांपर्यंत, जड होतच जाते. त्यात मीठ जितके जास्त तितके ते अधिक जड. बर्फ बनताना बहुतेक मीठ बाहेर टाकले जाते आणि खालच्या पाण्याचे वजन आणखी वाढते. उलट पाऊस, नद्या किंवा वितळणारे बर्फ वर गोड्या पाण्याचा हलका थर पसरवतात, आणि तो थर झाकणासारखा खालच्या पाण्यावर बसतो.

शिवाय पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता प्रचंड आहे. समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच मीटर पाण्याची उष्णताधारकता त्यावरच्या संपूर्ण वातावरणाइतकी असते. हिवाळी वादळात दर चौरस मीटरमागे १००० वॅट उष्णता समुद्रातून हवेत जाते असे धरले, तरी दिवसभरात एक किलोमीटर खोलीचा पाण्याचा स्तंभ जेमतेम ०.०२ अंशाने थंड होतो. म्हणून एका थंड दिवसाने काही घडत नाही. वाऱ्याला आठवड्यामागून आठवडे, एकाच जागी, तेच काम करत राहावे लागते.

या कोड्याला पहिले भक्कम उत्तर मिळाले ते नॉर्वेत. फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून वाहू दिले. त्या प्रवासात त्याला दिसले की बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने जात नाही, तर त्याच्या उजवीकडे २० ते ४० अंशांनी वळून सरकतो. याचे गणित तरुण स्वीडिश संशोधक वॅगन वाल्फ्रिड एकमान याने मांडले. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याने ढकललेला पाण्याचा प्रत्येक खालचा थर वरच्याहून आणखी वळतो, आणि उत्तर गोलार्धात एकूण पाणी वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात वाहते. या नियमातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या वाऱ्यांखाली वरचे पाणी चोहीकडे पांगते आणि मध्यभागी खालचे जड पाणी घुमटासारखे वर उचलले जाते. तिथे वरचा हलका थर पातळ होतो, झाकण विरळ होते.

दरम्यान रोआल्ड आमुनसेनने १९०१ मध्ये ‘यॉआ’ या लहान जहाजावरून उत्तरेकडील समुद्रांत मोजमापे घेतली होती. त्यांचे विश्लेषण करून नान्सेनने १९०६ मध्ये मांडले की ग्रीनलंड समुद्राच्या तळाचे पाणी हिवाळ्यात पृष्ठभागावरच तयार होते. गोठण्याच्या बेतात आलेले पाणी थेट खाली जाते. पण भर हिवाळ्यात, वादळी अंधारात, त्या समुद्रात जाऊन ते घडताना पाहण्याची सोय त्या काळच्या कोणत्याही जहाजाकडे नव्हती. निष्कर्ष उन्हाळ्यातल्या खुणांवरून काढलेला होता.

प्रत्यक्ष घटना दिसली ती साठ वर्षांहून अधिक काळानंतर, आणि तीही भूमध्य समुद्रात. फ्रान्सच्या दक्षिणेला लायन्सच्या आखातावर हिवाळ्यात मिस्त्राल नावाचा कोरडा, गार वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुसाटत येतो. १९६९ च्या हिवाळ्यात अनेक देशांची जहाजे तिथे जमली. ‘मेडॉक’ नावाच्या त्या मोहिमेने खोल ढवळणीचे तीन टप्पे ओळखले. आधी पूर्वतयारी: वाऱ्याच्या भोवऱ्याखाली पाण्याचा घुमट वर येतो आणि थरांची घट्ट रचना सैलावते. मग मिस्त्राल सुटला की काही दिवसांतच वरून खालपर्यंत उग्र मिसळण होते. पाण्याचे तापमान आणि क्षारता हजार-दोन हजार मीटरपर्यंत जवळजवळ एकसारखी होऊन जाते. शेवटी ते जड पाणी खाली जाऊन बाजूंना पसरते, आणि वरचे झाकण पुन्हा मिटते. त्या मोहिमेत पाण्याचा उभा वेग सेकंदाला १० सेंटिमीटरपर्यंत मोजला गेला. खोल समुद्रातील उभी हालचाल एरवी इतकी संथ असते की ती उपकरणाला जाणवतही नाही. त्या तुलनेत हा धबधबाच होता.

पुढच्या अभ्यासांतून चित्र अधिक नेमके झाले. पाणी एका अखंड प्रवाहात बुडत नाही. साधारण एक किलोमीटर रुंदीचे अनेक झोत खाली जातात, त्यांच्या शेजारून दुसरे पाणी वर येते, आणि दहा-वीस ते शंभर किलोमीटर रुंदीचा एक टापू आतून ढवळून निघतो. खाली जाणाऱ्या पाण्याइतकेच वर येत असल्यामुळे त्या टापूत एकूण बुडण फारशी नसते. वारा तिथे मुख्यतः पाण्याची घनता बदलतो. मागे राहिलेले जड पाणी भोवऱ्यांतून आणि किनारी प्रवाहांतून पुढे जाते.

सर्वांत बोलकी कहाणी लॅब्रडॉर समुद्राची. कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामधल्या या समुद्रात ‘ब्राव्हो’ नावाच्या ठाण्यावर हवामान जहाज नियमित उभे असे. विमानांना हवामान कळवणे हे त्याचे मुख्य काम. जोडीला समुद्राची मोजमापेही होत. १९७४ मध्ये ते ठाणे बंद झाले, पण तोवर त्याच्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट टिपली गेली होती. १९६८ ते १९७१ या काळात तिथली खोल ढवळण थांबली होती. आर्क्टिकमधून आलेल्या जादा बर्फाने आणि गोड्या पाण्याने समुद्रावर हलका थर पसरला होता, आणि हिवाळेही सौम्य होते. १९७२ च्या कडक हिवाळ्याने ते झाकण फोडले आणि ढवळण पुन्हा सुरू झाली. तो गोडा थर पुढे उत्तर अटलांटिकभर फिरत राहिला. ‘महाक्षारता विसंगती’ या नावाने त्याचा प्रवास १९८० च्या आसपासपर्यंत शोधता आला. महासागराचे इतके मोठे यंत्र थांबू शकते, आणि एका हिवाळ्यात पुन्हा चालू होऊ शकते, हे त्या नोंदींनी दाखवले.

पण हिवाळे कधी सौम्य आणि कधी कडक का होतात? इथे वॉकरचा दुसरा झोका पुन्हा समोर येतो. आइसलँडजवळचा कमी दाब अधिक खोल आणि अझोर्सवरचा जास्त दाब अधिक प्रबळ असतो, तेव्हा दोहोंमधले पश्चिमी वारे जोर धरतात आणि कॅनडाच्या गोठलेल्या भूमीवरची कोरडी, गार हवा लॅब्रडॉर समुद्रावर लोटते. समुद्र आणि हवा यांच्या तापमानांतली तफावत वाढते, बाष्पीभवन वाढते, समुद्राची उष्णता वेगाने निघून जाते. झोका उलटला की वारे ढिले पडतात. साठच्या दशकात तो उलट्या टोकाला होता. त्या काळात ग्रीनलंड समुद्र खोलवर ढवळत असे आणि लॅब्रडॉर मंदावला होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो दुसऱ्या टोकाला गेला, तेव्हा लॅब्रडॉरची ढवळण सुमारे २३०० मीटरपर्यंत पोहोचली आणि ग्रीनलंड समुद्र शांत झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समुद्रांची ही उलटसुलट चाल एकाच आंदोलनाशी जोडून दाखवली. भारतीय पावसाच्या शोधात सिमल्यात काढलेला एक सहसंबंध अशा रीतीने महासागराच्या तळापर्यंत पोहोचला.

वाऱ्याचा जोर हे एकच कारण मात्र नसते. २००७-०८ च्या हिवाळ्यात, बराच काळ मंद राहिलेल्या लॅब्रडॉर समुद्रात ढवळण अचानक १८०० मीटरपर्यंत गेली. त्या वर्षी किनाऱ्याजवळचे सागरी बर्फ नेहमीपेक्षा दूरवर पसरले होते. बर्फावरून येणारी हवा तापत नाही. ती उघड्या पाण्यावर पोहोचली तेव्हाही कडक थंड होती. २०१६ मध्ये ढवळण २००० मीटरच्याही खाली गेली. या नोंदी आता ‘आर्गो’ नावाच्या स्वयंचलित तरंगत्या उपकरणांकडून मिळतात. ती भर वादळातही बुडी मारून वर येतात आणि उपग्रहाला आकडे धाडतात. नान्सेनला जे हिवाळे पाहता आले नाहीत, ते आता कोणी जहाजावर न जाता दिसतात.

दक्षिण गोलार्धात हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडते. १९७४, १९७५ आणि १९७६ अशा लागोपाठ तीन हिवाळ्यांत उपग्रहाला अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात गोठलेल्या पाण्याच्या मधोमध एक प्रचंड उघडा भाग दिसला. त्याचे क्षेत्रफळ अडीच-तीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास महाराष्ट्राएवढे होते. अशा उघाडीला पॉलिन्या म्हणतात. तिथे खालचे तुलनेने उबदार, खारट पाणी वर येत होते, बर्फ होऊ देत नव्हते, आपली उष्णता थेट ध्रुवीय हवेला देत होते आणि जड होऊन पुन्हा बुडत होते. नंतरच्या मोजमापांत तिथले खोल पाणी २७०० मीटरपर्यंत थंड झालेले आढळले. त्यानंतर चार दशके एवढी उघाडी दिसली नाही. २०१६ आणि विशेषतः २०१७ मध्ये, मॉड राइज या बुडालेल्या पर्वतावर, तिची लहान आवृत्ती उघडली. तरंगती उपकरणे आणि डोक्यावर संवेदक बसवलेले सील यांच्या नोंदींवरून असे दिसते की आधीच सैलावलेल्या थरांवर तीव्र वादळांनी अखेरचा घाव घातला.

मॉड राइजपासून भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र सातशे-आठशे किलोमीटरवर आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. कासिम त्याआधी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. आज गोव्यातच वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. २०१७ च्या उघाडीवर या केंद्राच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्यांच्या पिळामुळे खालचे उबदार पाणी वर उचलले जाण्याकडे त्यांनी लक्ष वेधले. एकमानचे शंभर वर्षांपूर्वीचे गणित तिथेही लागू पडले.

या इतिहासात एक वाद मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. थंड पाणी बुडते म्हणून महासागराचे चक्र फिरते, असे वर्णन पाठ्यपुस्तकांत असते. १९०८ मध्येच योहान सँडस्ट्रॉम याने दाखवले होते की वरच्याच पातळीवर तापवून आणि वरच्याच पातळीवर थंड करून जोरदार अभिसरण चालत नाही. बुडालेले पाणी पुन्हा वर आणण्यासाठी उष्णता खाली पोहोचवावी लागते, आणि त्यासाठी ढवळण हवी. १९९८ मध्ये वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी अंदाज केला की त्या कामाला सुमारे २ टेरावॅट शक्ती लागते, आणि ती वारे व भरती-ओहोटी यांच्याकडून येते. म्हणजे वातावरण एकीकडे पाणी थंड करून खाली धाडते आणि दुसरीकडे वाऱ्याच्या बळाने त्याला वर येण्याची वाट करून देते.

हे यंत्र मंदावले तर काय होईल, हा प्रश्न १९६१ मध्ये हेन्री स्टॉमेलने दोन पेट्यांच्या एका साध्या गणिती नमुन्यातून पुढे आणला. त्यात त्याच परिस्थितीत अभिसरणाच्या दोन वेगवेगळ्या स्थिर अवस्था निघाल्या. पुरेसे गोडे पाणी ओतले की एका अवस्थेतून दुसरीत उडी. आज ग्रीनलंडचे बर्फ वितळत असताना तो नमुना केवळ कागदावरचा राहिलेला नाही. २०२१ च्या आंतरशासकीय अहवालानुसार अटलांटिकचे अभिसरण या शतकात दुर्बळ होईल ही शक्यता दाट आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, याविषयी शास्त्रज्ञांचा विश्वास मध्यम आहे. नव्या मोजमापांनी जुन्या समजुतीही दुरुस्त केल्या आहेत. २०१४ पासून चालू असलेल्या उपध्रुवीय निरीक्षण-साखळीच्या पहिल्या निष्कर्षांत या अभिसरणातील चढउतारांचा मोठा वाटा लॅब्रडॉरऐवजी ग्रीनलंडच्या पूर्वेकडील समुद्रांत आढळला.

भारताला याची चिंता असण्याचे कारण भूतकाळात आहे. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी, यंगर ड्रायस नावाच्या थंड काळात, अटलांटिकचे अभिसरण मंदावल्याचे पुरावे मिळतात. त्याच काळात भारतीय मोसमी पाऊस दुर्बळ झाल्याच्या खुणा अरबी समुद्राच्या गाळात आणि मेघालयातील मॉम्लूह गुहेच्या चुनखडी स्तंभांत सापडतात. उत्तर अटलांटिक थंडावला की उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा मोसमी पावसाचा भरवशाचा अंदाज त्याच्या हाती लागलेला नव्हता. पण आकड्यांचा शोध त्याने भारताच्या सीमेवर थांबवला नाही, म्हणून उत्तर अटलांटिकचा झोका सापडला. नव्वद वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, स्वालबार्डच्या काँग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर भारताने ‘इंडआर्क’ हे पाण्याखालील वेधयंत्र नांगरले. २००८ पासून तिथल्या नी-ओलेसुंडमध्ये भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहेच. अटलांटिकचे उबदार पाणी आर्क्टिकमध्ये कसे शिरते, हिवाळ्यात वरचे थर कसे थंड होतात आणि वितळणारे बर्फ त्यावर किती गोडे पाणी पसरवते, याच्या नोंदी ते यंत्र अंधाऱ्या महिन्यांतही घेत राहते. सिमल्याच्या कारकुनांना ज्या समुद्राचे फक्त हवेचे दाब ठाऊक होते, त्याच्या पाण्याच्या आतले आकडे आता भारतात येतात. मोसमी पावसाशी त्यांचे नाते नेमके किती घट्ट आहे, हे शोधण्याचे काम आज शिकत असलेल्या पिढीकडे आले आहे.